चारशे सत्तेचाळीस किलोंची सहल

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी निरीक्षकांनी कोरी वही काढली, पहिल्या पानावर ‘नौकाविहार : पूर्वतयारी’ असं लिहिलं आणि खाली पट्टीनं दोन रेघा मारल्या.

खरं तर बायकोनं फार काही मागितलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बंदराच्या पलीकडचं बेट आणि त्यावरचं दीपगृह दिसायचं. एकतीस वर्षं ती भांडी विसळता विसळता त्या दीपगृहाकडे बघत आली होती आणि एकतीस वर्षं निरीक्षक “रिटायर झालो की जाऊ” म्हणत आले होते. आता सबब उरली नव्हती. “आपण दोघंच जाऊन येऊ,” ती म्हणाली. पण दोघांसाठी नियोजन ते काय करणार? वजनमापे खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला एवढ्याशा कामानं समाधान कसं व्हावं? त्यांनी सगळ्या घराला आमंत्रण देऊन टाकलं. बायको “बरं” म्हणाली आणि आत निघून गेली.

बंदरावर ठरवलेल्या होडीच्या कडेला पाटी होती : ‘सात माणसे. सामानासह साडेचारशे किलो.’ सात माणसं झालीच होती. निरीक्षक, बायको, मुलगी, जावई, मेहुणी, साडू आणि निरीक्षकांची थोरली बहीण आक्का. राहिला प्रश्न किलोंचा. निरीक्षकांनी एकेकाला फोन लावून वजन विचारलं.

“पंचावन्न,” मेहुणी फटकन म्हणाली. “लग्नात होतं तेवढंच आहे, भाऊजी.”

आक्कांनी साठ सांगितलं, तेही उपकार केल्यासारखं. साडू शाळेत गणित शिकवायचे, त्यांनी सहासष्ट सांगितलं. जावई सत्तर, मुलगी बावन्न, बायको अठ्ठावन्न. स्वतःच्या नावापुढे निरीक्षकांनी अडुसष्ट लिहिलं, कारण त्यांच्या सेवापुस्तकात तसं लिहिलेलं होतं. डबे आणि पाणी अठरा. बेरीज आली चारशे सत्तेचाळीस.

“तीन किलो शिल्लक,” ते खुशीत बायकोला म्हणाले. “वारा धरून चाललो तरी हरकत नाही.”

रविवारी सकाळी जावयांच्या गाडीतून सगळी वरात बंदरावर पोचली. ऊन तापायला लागलं होतं, हवा इतकी दमट की कपडे अंगाला चिकटत होते. नावाडी घाईत होता. “अकराच्या आत निघायला हवं, साहेब. त्यानंतर पाणी उतरतं, होडी पायऱ्यांना लागत नाही. मग आजचा दिवस गेला.”

एकेक जण होडीत उतरला. होडीच्या अंगावर पांढरा पट्टा रंगवलेला होता. आक्का बसल्या तेव्हा तो पाण्याला टेकला, जावई बसले तेव्हा निम्मा बुडाला. शेवटी निरीक्षक बसले आणि तो दिसेनासा झाला.

“उतरा सगळे,” नावाडी म्हणाला. “पट्टा बुडला की मी होडी हलवत नाही.”

“अहो, माझ्याकडे लेखी आहे,” निरीक्षकांनी वही पुढे केली. “चारशे सत्तेचाळीस!”

“होडीला वाचता येत नाही, साहेब.”

हा घाव वर्मी बसला. समोरच मासळीवाल्यांचा बर्फाचा कारखाना होता आणि त्याच्या दारात लाद्या तोलायचा मोठा काटा. निरीक्षक तरातरा तिकडे गेले. “इथेच सोक्षमोक्ष लावू. घाबरायचं कारण नाही, आधी मी उभा राहतो,” असं म्हणून ते काट्यावर चढले. सुई सरसर गेली आणि चौऱ्याऐंशीवर थांबली.

“काट्यात दोष आहे,” निरीक्षक ताबडतोब म्हणाले. “सोळा किलो जास्त दाखवतोय. असा काटा पास केला कुणी?” ते वाकून शिक्का वाचू लागले. शिक्का गेल्या वर्षीचा होता आणि त्याखालची सही त्यांचीच होती.

 साडूंना अचानक खोकला आला.

“मी नाही हं चढणार,” मेहुणी म्हणाली. “मी काय बर्फाची लादी आहे?”

निरीक्षकांनी तोडगा काढला. एकेकट्यानं नको, घोळक्यानं चढायचं. सगळे चढेपर्यंत सुईवर रुमाल, म्हणजे कुणाची अब्रू जायला नको. आधी चौघी बायका उभ्या राहिल्या. रुमाल काढला तर दोनशे सदुसष्ट. मग पुरुष मंडळी आणि डबे मिळून दोनशे एकसष्ट.

“पाचशे अठ्ठावीस,” नावाडी म्हणाला. “अठ्ठ्याहत्तर कमी करा. आणि लवकर.”

गोष्ट इथेच मिटली असती. पण साडूंना आकडे दिसले की राहवत नसे. “बायकांचं वहीप्रमाणे दोनशे पंचवीस, भरलं दोनशे सदुसष्ट,” ते आपणहून म्हणाले. “म्हणजे बेचाळीस किलो लपवलेत. माणशी साडेदहा.”

“माझे नका धरू, काका,” मुलगी म्हणाली. “मी खरं सांगितलंय.”

“मग तिघींत वाटू. माणशी चौदा.”

“माझंही खरं आहे,” बायको शांतपणे म्हणाली.

“मग दोघी उरल्या. माणशी एकवीस.”

मेहुणीनं नवऱ्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर तिथंच थांबला असता. “मी पंचावन्न म्हणजे पंचावन्न!”

“असं म्हणतेस? मग सगळेच्या सगळे आक्कांकडे गेले,” साडू म्हणाले. “साठ अधिक बेचाळीस, एकशे दोन.”

आक्कांचा चेहरा लालबुंद झाला. “अरे, बहिणीला बोलावून चारचौघांत हे ऐकवायचं होतं तुला? मला नेऊ नका, पण निदान तोलू तरी नका!”

“आक्का, अगं, मी कुठे काय म्हणालो? हे साडू...”

“वही कुणाची आहे?”

आक्का पिशवी घेऊन गाडीकडे चालू लागल्या. तिकडे मेहुणी नवऱ्याला विचारत होती की एकवीसचा आकडा तुमच्या तोंडून गेलाच कसा, आणि साडू सांगत होते की तो फक्त भागाकार होता. भागाकार तिला पटला नाही. तीही निघाली आणि तिच्यामागे साडू, अजून समजावत.

“तुम्हाला मुद्दाम खोटं सांगितलं असं वाटू नये म्हणून सांगतो, बाबा,” जावई अवघडून म्हणाले. “सत्तर होतो मी. लग्नाच्या वेळी.” पण गाडी त्यांची होती आणि आक्कांना या क्षणी घरी जायचं होतं. मुलगीही आत्याची समजूत काढायला सोबत बसली. गाडी वळली आणि दिसेनाशी झाली.

अकराला दहा मिनिटं होती. निरीक्षक पायऱ्यांवर मटकन बसले. इतके दिवस त्यांना वाटत होतं की आपण बायकोसाठी राबतोय. आता तिच्याकडे मान वर करून बघायचीही त्यांना लाज वाटत होती. “तुझी एवढी एक हौस होती,” ते म्हणाले. “तीही मी धुळीला मिळवली.”

मग त्यांनी हळूच वर पाहिलं. बायको होडीत जाऊन बसली होती. सात जणांचे डबेही तिनं आत नेऊन ठेवले होते. “येताय ना?” ती म्हणाली. “पाणी उतरतंय.”

होडी धक्क्यापासून सुटली. पांढरा पट्टा पाण्याच्या कितीतरी वर होता. पदराचं टोक हाताशी धरून बायको दीपगृहाकडे बघत होती आणि ते खरोखरच मोठं मोठं होत होतं. बऱ्याच वेळानं निरीक्षकांनी विचारलं, “पण सगळ्यांनी एकाच वेळी खोटं कसं सांगितलं असेल गं?”

“तुम्ही आंघोळीला गेलात की, तुमच्या फोनाच्या आधी, मी एकेकाला फोन करत होते,” ती नजर न वळवता म्हणाली. “वजन खरंच सांगा म्हटलं. फक्त, हे वही सगळ्यांसमोर वाचून दाखवणार आहेत, एवढं कानावर घातलं.”

निरीक्षक बघतच राहिले. त्यांच्या सबंध नोकरीत एकाही व्यापाऱ्याला हे जमलं नव्हतं.

“मला वाटलं, दोघं-तिघं गळतील,” बायको म्हणाली. “पण त्यांना बर्फाच्या काट्यावर चढवायचं मला या जन्मात सुचलं नसतं. ते मात्र तुमचंच हं.”

हे कौतुक की टोमणा, ते निरीक्षकांना ठरवता येईना. कौतुकच असावं असं धरून ते जरा ताठ बसले, तशी होडी त्यांच्या अंगाला कलली.

“साहेब, मध्ये सरका!” नावाडी ओरडला.

मध्ये बायको बसली होती. निरीक्षक सरकले आणि तिला खेटून बसले.