बोललास तर पेटी बुडाली

कुरणात कमरेइतका खड्डा झाला होता, आणि सकाळपासून लेम्युएलच्या तोंडातून ब्रही निघाला नव्हता. गाडलेल्या धनाचा नियमच तसा. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरात तो शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. आखलेल्या रिंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही आणि पेटी हाती लागेपर्यंत अक्षर बोलायचं नाही. बोललात की पेटी जमिनीच्या पोटात आणखी खाली जाऊन बसते.

पेटी इथंच आहे, हे म्हाताऱ्या एनॉकनं सांगितलं होतं. टोपीत पांढरा खडा टाकून तिच्यात तोंड खुपसलं, की त्याला म्हणे जमिनीखालचं दिसायचं. जमिनीवरचं मात्र यथातथाच. रिंगण आखताना तो कुंपणाला धडकला होता.

लेम्युएलला सोन्याची हाव नव्हती. त्याचा धाकटा भाऊ आसा इथल्या दगडधोंड्यांना कंटाळून बायकोसकट ओहायोला निघाला होता, आणि तिकडे गेलेलं माणूस काही पुन्हा दिसत नाही. लेम्युएल रागाच्या भरात त्याला पळपुटा म्हणाला आणि तेव्हापासून दोघांचा अबोला होता. पेटी सापडली की ओढ्याकाठची काळी जमीन घ्यायची, आसाला द्यायची आणि त्याला ठेवून घ्यायचं, असा त्याचा बेत होता.

पहार खण्णकन कशावर तरी आपटली. एनॉकचे डोळे चमकले. आणि नेमका तेव्हाच आसा कुरणात आला.

"दादा, गाडी जुंपलीय. तळ्यावर नावही लागलीय. निघालो आम्ही."

लेम्युएलनं वर चढायला खड्ड्याच्या काठावर हात टेकले. पण पेटी तर हातभर अंतरावर! त्यानं घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं.

"गप बसू? निरोपाचे दोन शब्दही नकोत तुला?"

तसं नव्हे रे, हे खुणेनं सांगायला लेम्युएलनं खड्ड्याकडे बोट दाखवलं.

"म्हणजे मेलो मी तुझ्या लेखी? गाडूनच टाकतोस होय?"

आता करावं काय? लेम्युएल गोड हसला. चिखलानं माखलेल्या तोंडावरचं ते हसू सख्ख्या आईलाही गोड वाटलं नसतं.

"हसतोस वर? चुकलो असेन मी दादा, मीही त्या दिवशी नाही नाही ते बोललो. पण आता तरी तोंड उघड की!"

थांब, जरा थांब, हे खुणेनं सांगायला लेम्युएलनं दोन्ही तळवे पुढे केले. आसा त्या तळव्यांकडे बघत राहिला.

"ढकलायला नको. जातो मी," तो म्हणाला आणि बाहीनं डोळे पुसत वळला.

लेम्युएलनं पुन्हा पहार उचलली, पण नजर आसाच्या पाठीवर होती. पहार निसटली ती थेट एनॉकच्या अंगठ्यावर.

"मेलो! मेलो! आंधळा आहेस का रे गाढवा?" एनॉकच्या बोंबेनं अख्खं खोरं दणाणलं. मग त्यानं जीभ चावली, टोपीत तोंड घातलं आणि बऱ्याच वेळानं बाहेर काढलं. "गेली. पार खाली गेली पेटी. तुझ्यापायी!"

खड्ड्याच्या तळाशी दगड होता. शेतात असतात तसलाच. डोंगर पोखरल्यावर निदान उंदीर तरी निघतो.

लेम्युएल रिंगण तुडवत सुटला तो थेट तळ्याकाठी आला. गाड्या पलीकडे नेणारी नाव सुटली होती. गाडी, घोडा, आसा, सगळं पार पाण्याच्या मध्यावर पोचलं होतं.

"आसा! थांब रे! थांब!" तो घसा फुटेस्तोवर ओरडला. वारा तोंडावर होता, तिकडे कुणी मानही वळवली नाही.

लेम्युएलची बायको हल्डा काठावरच पदराला... नव्हे, एप्रनला डोळे पुशीत उभी होती.

"अहो, आता ओरडून काय उपयोग? मीच धाडलं होतं त्याला कुरणात. पाय निघत नव्हता बिचाऱ्याचा. म्हणाला, 'वहिनी, दादा नुसतं थांब म्हणाला ना, तर गाडीचा घोडा सोडतो.' तुम्ही काय म्हणालात त्याला?"

"काही नाही," लेम्युएल म्हणाला.