तुरीतली ज्वारी

शमुवेल मास्तर लेकीच्या घरी जाताना स्वतःचं पीठ बांधून नेत. आष्टीला जावयाची चांगली जमीन, घरात ज्वारीची पोती. पण जावई चारचौघांसारखा ज्वारीत तूर पेरी, आणि एका शेतात दोन जातींचं बी पेरू नये, असं बायबलातल्या मोशेच्या नियमशास्त्रात आहे. “बिलकुल साफ लिवलेलं हाय,” मास्तर म्हणत. आमच्याकडचा अख्खा खरीप त्यांनी एका वाक्यात बाद करून टाकला होता.

जालन्यात मस्तगडला आमची घरं भिंतीला भिंत लागून. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. मास्तर मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, जन्माने ख्रिस्ती. बाप्तिस्मा वडलांनीच घेतलेला. साठ वर्षं त्यांचं मोशेवाचून काही अडलं नव्हतं. बायको वारली आणि वर्षभरात त्यांनी नियमशास्त्र पाळायला घेतलं. लोकर आणि ताग एका कपड्यात नको, असं शास्त्र सांगतं. जालन्यात तागाचे कपडे कोण घालतो, म्हणून मास्तरांनी सूत धरलं, लोकरी कोटाचं सुती अस्तर शिंप्याकडून उसवून घेतलं आणि सगळा हिवाळा प्रार्थनेत अंग खाजवत काढला. शनिवारी शब्बाथ, यहुद्यांचा विसाव्याचा वार, म्हणून चूल बंद, रविवारी देवळाचा दिवस म्हणून काम बंद. आठवड्यात दोन सुट्ट्या मी सरकारी नोकरीतही पाहिल्या नव्हत्या.

चर्चच्या पाळकसाहेबांनी त्यांना परोपरीने समजावलं. आपण परराष्ट्रीय, यहूदी नव्हे. आपल्यावर हे जोखड नको, असं प्रेषितांनीच ठरवलंय, पौलाने पत्रांतून लिहिलंय. मास्तर सगळं ऐकून घेत आणि म्हणत, “पौल मोठा मानूस. मोठ्या मानसाला मोकळीक परवडती.” शेवटी पाळकसाहेबांनी सुंतेचं काय, असं विचारलं. तेव्हा मास्तरांना एकाएकी घरचं काम आठवलं.

हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण सुशीलाला, त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, ते लागलं. बाप आपल्या हातचं खात नाही, याचा सासरी बोभाटा झाला. उन्हाळ्यात मास्तर पीठ घेऊन दारात उभे राहिले तेव्हा तिने सांगून टाकलं, माझ्या घरचं खायचं नसेल तर येत जाऊ नका. मास्तर आले त्या पावली परतले. त्यानंतर सहा महिने त्यांनी नातीचं तोंड पाहिलं नव्हतं. माझ्याकडे येऊन ती आता चालायला लागली असेल का, हे मात्र दर दोन दिवसांनी विचारत.

नाताळाच्या आधी सुशीलाचं पत्र आलं: या, पण पीठ आणू नका. मला मोजणीच्या कामाने आष्टीलाच जायचं होतं, म्हणून बरोबर निघालो. परतूरपर्यंत रेल्वेने आणि पुढे जावयाच्या बैलगाडीतून. मास्तरांनी पीठ घेतलं नव्हतं. पण तिथली भाकरी ते मोडणार नाहीत आणि या खेपेला लेक तुटणार, हे मलाही दिसत होतं.

दुपारी पंगत बसली. सुशीलाने आम्हाला भाकरी वाढल्या आणि मास्तरांची दुसऱ्या टोपलीतून आणली.

“ही तुमची. बांधाकडंचा एक पट्टा म्या निराळा ठेवायला लावला, बाबा. तुरीचा एक दाना त्यात पडू दिला न्हाई. मळनी बी निराळी केली.”

जावई खाली मान घालून हसत होता. गावाने त्याला या पट्ट्यावरून काय काय ऐकवलं असेल, याचा मला अंदाज होता. मास्तरांनी मात्र आपली भाकरी उचलून जावयाच्या ताटात ठेवली आणि त्याच्या ताटातली आपल्याकडे घेतली.

“बाबा, मंग नियम?” सुशीला घाबरूनच गेली.

“तो यहुद्यांचा हाय, बाई. पाळकसाहेब बराबर सांगून राह्यले व्हते.” मास्तरांनी भाकरीचा तुकडा मोडला. “तुझी माय गेल्यापसून, मला काय चालतं न काय न्हाई, हे कोन्ही इचारलंच न्हवतं.”

आणि त्यांनी तुरीचं वरण मागून घेतलं.