मासाळ गुरुजींचं वाडगं

मासाळ गुरुजी रोज सकाळी, शाळा भरायच्या आधी, पहिलीच्या वर्गात रांगायचे. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. कोट खुंटीला, टोपी डोक्यावर, धोतराचा काचा मारलेला, आणि हा पन्नाशीचा गृहस्थ गुडघे आणि तळवे टेकून तरटाच्या पट्टीवरून एका पोराच्या जागेवरून दुसऱ्याच्या जागेवर सरकायचा. प्रत्येक जागी फतकल मारून बसायचं, चारी बाजूंना मान फिरवायची, वर आढ्याकडे बघायचं, नाकाने हवा हुंगायची आणि पुढे सरकायचं.

माझा नोकरीचा पहिला दिवस होता. आपण किती तत्पर आहोत हे दाखवायला मी सगळ्यांच्या आधी शाळेत हजर झाले आणि चुकून पहिलीच्या वर्गाचं दार उघडलं. गुरुजी तेव्हा शेवटच्या रांगेत पालथे होते. मला वाटलं, माणसाला झटका आला. मी पाण्यासाठी शिपायाला हाक मारली. गुरुजींनी खालूनच मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "या बाई. जरा उजेडातनं बाजूला व्हा."

शाळा माधवनगरच्या कडेला होती. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. चारी बाजूंनी मागांचा खटखटाट चालायचा, आणि पहिलीचा वर्ग सुताच्या एका जुन्या गोदामात भरायचा. मी वाईची. घाटावरच्या शांततेत वाढलेली, ट्रेनिंग कॉलेजात बालमानसशास्त्रात पहिली आलेली आणि हे सगळ्यांना सांगत सुटलेली. गुरुजी जतकडचे, धनगराच्या घरातले. मिसरूड फुटेपर्यंत मेंढरांमागे हिंडले, मग फायनल पास होऊन मास्तर झाले. त्यांचं सगळं शिक्षणशास्त्र मेंढरांकडून आलेलं होतं. आमच्या पुस्तकात मेंढीचा उल्लेख कुठेच नव्हता, त्यामुळे आमचं पटणं कठीण होतं.

वाडगं म्हणजे मेंढरं रात्री कोंडायचं कुंपण. गुरुजी सांगायचे, मेंढरं एकमेकांना धडका द्यायला लागली तर शहाणा धनगर काठी उचलत नाही, तो आधी वाडगं बघतो. जमीन ओली आहे का, जागा अरुंद आहे का, वारा कुठून शिरतो, लांडग्याचा वास कुठून येतो. वाडगं हलवलं की धडका थांबतात. आम्ही मास्तरलोक शिक्षकांच्या खोलीत पोरांच्या तक्रारी मांडून बसलो की गुरुजी तंबाखू मळत एवढंच म्हणायचे, "पोराला काय बघताय? वाडगं बघा."

त्यांच्या वर्गात पोरं दाराकडे तोंड करून बसायची आणि फळा दारालाच लागून होता. जगातल्या सगळ्या शाळांत हे उलटं असतं. पण दार पाठीमागे असलं की मेंढरू निवांत चरत नाही, सारखं मागे बघतं, असं गुरुजींचं म्हणणं. याचा परिणाम असा की वर्गात कोण आलं हे पोरांना आधी कळायचं आणि गुरुजींना सर्वांत शेवटी. एकदा तपासणीचे साहेब दारात येऊन उभे राहिले. गुरुजी पाठमोरे, उंदराची गोष्ट सांगण्यात गुंग, कुरतडण्याचे हावभाव करत होते. साहेबांनी अर्धी गोष्ट ऐकली. पुढे ते शेरा काय मारून गेले ते आम्हाला कळलं नाही, पण जाताना हसत होते.

मी माझ्या वर्गात तक्ते लावले होते. फळं, फुलं, पक्षी, वाहनं, शरीराचे अवयव. भिंतीचा रंग दिसायचा नाही. गुरुजी एकदा आत येऊन ते बघून गेले. कसे वाटले म्हणून मी मोठ्या हौसेने विचारलं. ते म्हणाले, चितरं झ्याक आहेत, पण मेंढरापुढे एकदम चार पेंढ्या टाकल्या तर ते तुडवतं, खात नाही. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी निम्मे तक्ते काढले, पण ते धूळ बसली म्हणून, असं शिपायाला मुद्दाम मोठ्याने सांगितलं.

गुरुजींचं सगळंच बरोबर असायचं असं मात्र नाही. एका थंडीत पोरं चुळबुळ करतात म्हणून त्यांनी ठरवलं, जमीन गार आहे. कोकरांना घालतात तसं उसाचं पाचट आणून त्यांनी पट्ट्यांखाली पसरलं. त्यात पिसवा निघाल्या. दोन दिवसांत अख्खी शाळा खाजवत होती, हेडमास्तर तर प्रार्थनेतसुद्धा. दुसऱ्या वेळी हेडमास्तर चिडके का, याचा त्यांनी शोध लावला. दुपारचं ऊन त्यांच्या डोळ्यांवर यायचं. गुरुजींनी रविवारी येऊन त्यांचं टेबल दुसऱ्या खिडकीशी सरकवलं. हेडमास्तर खरोखरच निवळले. पण त्या खिडकीतून शाळेचं फाटक दिसायचं, आणि कोण किती उशिरा येतं हे त्यांना बसल्याजागी कळायला लागलं. आम्ही सगळ्यांनी मिळून गुरुजींना खूप बोल लावले.

पुढच्या वर्षी पहिलीत दिल्या आला. बाप मागावर, आई मागासाठी सुताच्या कांड्या भरायला, पोरगं हाडकुळं आणि डोळे मोठाले. दिल्या चावायचा. ज्याला त्याला, दात उमटेपर्यंत. दुपारी सुकडीचा खाऊ वाटायच्या वेळी हमखास कुणीतरी किंचाळायचं. शेवटी एका मुलीचा बाप तिचा दात उमटलेला दंड हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवून उभा राहिला. हेडमास्तरांनी गुरुजींना बोलावून सांगितलं की हे पोरगं आणखी एकदा चावलं तर त्याचं नाव शाळेतून कमी होईल. मला ते रास्तच वाटलं होतं. पुस्तकात अशा मुलांसाठी एक वेगळं प्रकरण होतं.

गुरुजी मात्र त्या दिवशी जेवले नाहीत. पुढे कित्येक दिवस ते दिल्याच्या मागे मागे होते. त्याच्या जागेवर बसून पाहायचे, सुकडीच्या गर्दीत स्वतः वाकून घुसायचे. मग एके दिवशी माझ्याकडे आले आणि बराच वेळ समजावत राहिले, जणू नाव कमी करायचं की नाही हे माझ्याच हातात होतं. दिल्याची जागा कोपऱ्यात, रांजणाशेजारी. पाणी प्यायला जाणारं प्रत्येक पोर त्याच्या मांडीवर पाय देऊन जातं. भिंतीपलीकडे माग चालू, कानात सारखे घण. आणि सुकडीला एकच दार, त्यात पोरांचा लोंढा, आणि दिल्याचं तोंड बरोबर पुढच्याच्या दंडाला चिकटलेलं.

"पोरगं चावत न्हाई बाई," ते म्हणाले. "वाट करतंय."

गोदामाला मागे एक दार होतं, कायमचं खिळे ठोकून बंद केलेलं. गुरुजींनी कुणाची परवानगी न घेता पहारीने ते उचकटलं. हेडमास्तर भडकले, लेखी खुलासा मागितला. गुरुजींनी तो दिला की नाही ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवसापासून पोरं एका दाराने बाहेर जाऊ आणि दुसऱ्याने आत येऊ लागली. रांजण ओसरीवर गेला. दिल्याला दाराच्या अगदी तोंडाशी बसवलं. तो पळून जाईल, असं मी म्हटलं, आणि पहिल्याच दिवशी तो पळाला. गुरुजी जागचे हलले नाहीत, पाढे चालू ठेवले. दिल्या फाटकापर्यंत गेला, तिथे उभा राहून मागे कुणी येतंय का ते बघत राहिला, आणि कुणीच येईना तेव्हा परत येऊन आपल्या जागेवर बसला.

दिवाळीनंतर गुरुजींनी त्याच्या हातात पाण्याचं ओगराळं दिलं. पोरांना पाणी द्यायचं काम त्याचं. ज्यांना तो चावला होता ती पोरं त्याच्यापुढे ओंजळ धरायला लागली. त्या वर्षात तो पुन्हा चावला नाही. उन्हाळ्यापर्यंत त्याला आपलं नाव लिहिता येऊ लागलं, आणि ते त्याने गोदामाच्या चारी भिंतींवर लिहून ठेवलं.

जूनमध्ये शाळेला नवी इमारत मिळाली. एका दानशूर माणसाने बांधून दिली होती. दगडी बांधकाम, उंचावर खिडक्या, आणि जमिनीत पक्की रोवलेली जड बाकं. वर्गाला दार एकच. आम्ही सगळे हरखून गेलो होतो, मीसुद्धा. गुरुजी एकटेच हेडमास्तरांच्या मागे लागले, की दिल्याचा वर्ग गोदामातच राहू द्या, निदान चार बाकं तरी उपटा. हेडमास्तर म्हणाले, लोक नावं ठेवतील. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी गुरुजी सवयीने बाकांखाली रांगायला गेले आणि खांद्यापाशी अडकले. शिपायाने आणि मी त्यांना ओढून काढलं. शिपाई हसत होता, मीही हसले. गुरुजी अंगावरची धूळ झटकत निघून गेले.

समारंभ छान झाला. भाषणं लांबली, दिल्या दोन दांडग्या पोरांच्या मधोमध भिंतीकडच्या बाजूला दबून बसला होता. मग दारात उभं राहून पाहुणे पेढे वाटायला लागले आणि सगळ्या शाळेचा लोंढा त्या एका दारावर आला. गुरुजी गर्दी कापत पुढे सरकत होते, दोन्ही हात पुढे करून. पोचायच्या आतच पाहुणे ओरडले. पेढ्यासकट हाताला दात लागले होते.

दुसऱ्या दिवशी दिल्याचं नाव कमी झालं.

गुरुजी त्याच्या घरी गेले, तेव्हा मीही सोबत गेले. दिल्या आईशेजारी बसून कांड्या भरत होता. बोटं भराभर चालत होती. त्याने गुरुजींकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या गुरुजी. गप बसून काम करतंय, कुणाला चावत न्हाई. आमाला एवढंच पायजे." गुरुजी उठले आणि चपला घालू लागले. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच त्यांना माघार घेताना पाहिलं, आणि मला त्याचा आनंद झाला नाही.

त्यानंतर त्यांनी वर्गातलं काहीच हलवलं नाही. दहाला यायचे, शिकवायचे, पाचला जायचे. चिडलेल्या माणसाशी भांडता येतं, पण विझलेल्या माणसाचं काय करायचं?

दिवाळीच्या सुट्टीत मी वाईला निघाले, तर साताऱ्याच्या एस्टीत गुरुजी शेजारी. कऱ्हाड येईपर्यंत त्यांनी तंबाखूसुद्धा मळली नाही. मला राहवलं नाही. मी जरा फटकळपणेच म्हटलं की गुरुजी, शंभर पोरं तुमच्या हाताखालून गेली, एक सुटलं म्हणून किती दिवस सुतक धरायचं? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एक न्हाई बाई. दोन." आणि साताऱ्याला काम आहे, तुमची गाडी लागेपर्यंत चला, एवढंच बोलले.

स्टँडसमोर एक गॅरेज होतं. गुरुजी रस्त्याच्या अलीकडे चहाच्या गाडीपाशी थांबले. पलीकडे एक विशीतला पोरगा ट्रकखालून बाहेर आला, सोबत्याला काहीतरी बोलला आणि दोघे खदखदून हसले. जबडा थेट गुरुजींचा होता.

मग त्यांनी सांगितलं. बायको गेली तेव्हा त्यांचा मुलगा सुरेश दहा वर्षांचा होता. तो हट्टी झाला, भांडी फोडायला लागला. गुरुजी तेव्हा छडीचे मास्तर होते, घरातही तीच चालायची. मग त्याला सांगलीच्या बोर्डिंगात ठेवलं, तिथून जतला मामाकडे, तिथून दुसऱ्या शाळेत. सगळीकडून निरोप यायचा, पोरगं गुणी आहे. गुरुजी आनंदाने भेटायला जायचे, आणि ते दिसले की पोरगं बोलताना अडखळायचं, हातातला कप सुटायचा, मग आदळआपट व्हायची. गुरुजींना ते उमगायला फार वर्षं लागली.

मी म्हटलं, हाक मारा की, आता मोठा झालाय तो.

"जागा बदलली, शाळा बदलली, माणसं बदलली," गुरुजी म्हणाले. "सगळं बदलून बघितलं बाई. शेवटाला एकच वस्तू ऱ्हायलेली, मी. मग मीच उठलो तितनं."

माझ्या पुस्तकात यासाठी प्रकरणच नव्हतं.

इतक्यात सुरेश हात पुसत रस्ता ओलांडायला लागला, सरळ चहाच्या गाडीकडे. गुरुजी झटकन उभ्या असलेल्या एस्टीच्या मागे गेले. मी तिथेच उभी राहिले. तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहून चहा प्यायला, सावकाश, गाडीवाल्याशी गप्पा मारत. हात अगदी स्थिर होता. कप ठेवून तो परत गेला.

गुरुजी एस्टीमागून आले. त्या रिकाम्या कपाकडे बघत त्यांनी गाडीवाल्याला हळूच विचारलं, "साखर अजून लय लागती का रं त्याला?"