चौथी शिट्टी

मॅनेजरची चिठ्ठी बॉयलर इंजिनीयरनं अकराव्यांदा वाचली. बस एक वाजता येईल. माणशी एक बॅग. रस्ता शांत असेल तरच बस आत येईल. गर्दी दिसली तर ड्रायव्हर कोपऱ्यावरूनच परत फिरेल. विमान चारला. त्यानंतरचं विमान कधी, हे चिठ्ठीत नव्हतं, कारण ते मॅनेजरलाही माहीत नव्हतं. आणि आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या उरल्या होत्या तीन.

संचारबंदीचा सहावा दिवस होता. फोन बंद, इंटरनेट बंद, दुकानं बंद, कारखाना बंद. सरकार कुणाचं आणि का पडणार हे इंजिनीयरला विचारलं असतं तर त्यानं खांदे उडवले असते. "आपण त्या गावचेच नाही," हे त्याचं धोरण होतं. चौथ्या मजल्यावर सात वर्षं राहून समोरच्या दारामागे कोण राहतं हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि याला तो सभ्यपणा समजत होता. परदेशात जाऊन राहणाऱ्या आपल्या लोकांत ही जात फार फोफावलीय. पगार तिथला खायचा, पाणी तिथलं प्यायचं, आणि रस्त्यावर तिथलं पोरगं रक्तबंबाळ होऊन पडलं की पडदा ओढून म्हणायचं, "यांचं यांना माहीत."

"पडद्याजवळ जाऊ नकोस," तो बायकोला म्हणाला. "आवाज करू नका. एक वाजेपर्यंत या घरात कुणी राहत नाही असं वाटलं पाहिजे."

"मग मी श्वास घेऊ का?" बायको बॅगेवर बसून चेन ओढत म्हणाली.

"हळू घे."

आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात शिट्टी झाली.

आई तीन महिन्यांसाठी आली होती आणि पाच महिने अडकली होती. येताना तिनं आपला कुकर बॅगेतून आणला होता. प्रवासात त्याची शिट्टी हरवली, तेव्हा लेकानं कारखान्यातल्या लेथवर पितळेची नवी कातून आणली. सेफ्टी व्हॉल्व्ह हा त्याचा जन्माचा धंदा. कुठेही काटकसर केली नव्हती. वरचं भोक त्यानं असं तिरकं पाडलं होतं की वाफ निघाली की इंजिन फलाटात शिरल्यासारखं वाटे. त्या कामाचा त्याला अभिमान होता. सात वर्षांत त्यानं या शहरात मोठ्यानं केलेली तेवढी एकच गोष्ट.

"आई! काय लावलंस?"

"डाळ-तांदूळ. वाटेत काय खाशील, ती चिठ्ठी?"

दुसरी शिट्टी झाली. खाली कुठंतरी एक खिडकी उघडली.

"अहो, बंद करा!" सहा दिवस कुकर कपाटात लपवून ठेवणारी बायको पांढरीफटक पडली. "तिसरी होऊ देऊ नका!"

"काय होतंय तिसरीनं?" आई म्हणाली. "तिसरीशिवाय भात कच्चा राहतो."

तिसरी झाली. आणि सहा दिवस मेल्यासारखी पडलेली गल्ली एका दमात जिवंत झाली. दारं धाडधाड उघडली, जिन्यांवरून पावलं धावली, पातेली वाजू लागली. बसचालक, नर्सा, कॉलेजची मुलं, कडेवर पोर घेतलेली एक बाई, सगळे रस्त्याच्या मधोमध उभे राहून एकमेकांना विचारू लागले, "कुणी बोलावलं?"

इंजिनीयरनं गॅस बंद केला. "हे काय आहे?"

"फोन बंद आहेत ना, म्हणून यांनी शिट्ट्या ठरवल्यात," बायको म्हणाली. "एक म्हणजे सावध. दोन म्हणजे लष्कराची गाडी. तीन म्हणजे सगळ्यांनी खाली. चौथी झाली की सगळ्यांनी घरी."

"तुला कुणी सांगितलं?"

"समोरच्या बाईंनी."

"तू समोर बोलतेस?"

"कपडे कुठं वाळत घालते मी? तुमच्या धोरणावर?"

गर्दीमागोमाग लष्कराची जीप आली. माणसं दारा-दारांत शिरली. जीपमधून एक तरुण अधिकारी उतरला, त्यानं वर पाहिलं, आणि पाच मिनिटांत चौथ्या मजल्याचं दार ठोठावलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

शिट्टी बाळगणं हा तीन दिवसांपासून गुन्हा होता. अधिकाऱ्यानं कपाटं उघडली, बॅगा उघडल्या, बायकोनं बसून बसून लावलेल्या तिन्ही चेन उघडल्या. इंजिनीयर तिथल्या मोडक्यातोडक्या भाषेत एवढंच म्हणत राहिला, "साहेब, आम्ही इथले नाही. आमचा काही संबंध नाही. आम्ही जातोय."

"शिट्टी कुठं आहे?"

आईला भाषा येत नव्हती, पण प्रश्न कळला. तिनं कुकरकडे बोट दाखवलं.

"माझी चेष्टा करते ही?" अधिकारी भडकला. "भांडं शिट्टी मारतं?"

"मारतं साहेब. मीच केलीय ती." हे बोलून गेल्यावर इंजिनीयरच्या लक्षात आलं की आपण कबुलीजबाब दिला.

"वाजवून दाखवा."

"नको साहेब. वाजली तर..."

"वाजवा!"

हुकूम देणाऱ्या माणसाला पुढचं वाक्य ऐकायची सवय नसते. सगळ्या देशांतला कारभार असाच चालतो, तर या जिन्यावरचा कसा निराळा चालेल? आईनं खुशीत गॅस पेटवला. भात तिला तसाही कच्चा वाटत होता.

कुकर तापलेलाच होता. पहिली शिट्टी झाली. अधिकाऱ्याची भुवई वर गेली. दुसरी झाली. "कमाल आहे," तो म्हणाला. "आतलं पाणीच...?" तिसरी झाली.

या वेळी गल्ली दुप्पट भरली. जीपच्या चारी बाजूंना माणसं, टपावर एक म्हातारा पातेलं घेऊन बसलेला, आणि जीपचा चालक धापा टाकत चौथ्या मजल्यावर येऊन अधिकाऱ्याच्या मागे उभा. अधिकाऱ्यानं पडदा जरासा सरकवून खाली पाहिलं आणि झटकन सोडला. अगदी इंजिनीयर सोडायचा तसाच.

"आता?" त्यानं विचारलं. आवाज एकदम विशीतला झाला होता.

"आता चौथी," बायको म्हणाली. "चौथी झाली की जातात."

सगळे कुकरकडे पाहू लागले. बारा पस्तीस. कुकर फुसफुसला, शिट्टी जरा हलली, आणि खालची ज्योत निळी, पिवळी होत विझली.

"गॅस संपला," आई म्हणाली.

इंजिनीयर मटकन बॅगेवर बसला. सात वर्षं कारखान्यात त्यानं वाफ वाढू नये म्हणून जिवाचं रान केलं होतं. आज त्याला पाव मिनिटाची वाफ मिळत नव्हती. खाली गर्दी, कोपऱ्यावरून परत फिरणारी बस, आईच्या तीन गोळ्या. "संपलं," तो म्हणाला. "सगळं संपलं."

"समोर गॅस आहे," बायको म्हणाली.

"त्यांच्याकडे कसं जायचं? आपली ओळख नाही."

"तुमची नाही," असं म्हणून ती गेलीसुद्धा.

समोरची बाई निवृत्त शिक्षिका होती. खेळाची. चाळीस वर्षं तिनं पोरांना शिट्टीवर रांगेत उभं केलं होतं, आणि आता एका गल्लीला करत होती. तिनं दार उघडलं तेव्हा समोर हे दृश्य होतं: लष्कराचा अधिकारी गरम कुकरचे कान टोपीनं धरून उभा, मागे बंदूकवाला चालक, त्यामागे एक म्हातारी त्याला मराठीत सांगतेय, "तिरका करू नको मेल्या, सांडेल."

बाईंनी अधिकाऱ्याला न्याहाळलं. "तू नववी ब मधला ना रे?"

अधिकारी कुकरकडे पाहत म्हणाला, "हो बाई."

"तेव्हाही रांग सोडूनच पळायचास. ठेव तिथं."

तीन मिनिटांनी चौथी शिट्टी झाली. गल्लीनं ती ऐकली, पातेली खाली केली आणि कुरकुरत घरी गेली. जीप निघाली. कुकर जप्त करायचा का, असं चालकानं विचारलं, तेव्हा अधिकारी त्याच्यावर खेकसला, "हुकमात भांडी आहेत का?" समोरच्या बाईंनी ते वाक्य लक्षपूर्वक ऐकलं.

बस एकला आली. आईनं डबा भरून घेतला. पण माणशी एकच बॅग, आणि कुकर कुठंच मावेना. बाईंनी त्यावर हात ठेवला. आईनं तिला तीन बोटं दाखवून समजावलं, "भाताला तीन. विसरू नको." बाईंनीही तीन बोटं दाखवली आणि हसल्या.

इंजिनीयर बसमध्ये बसला, रुमालानं मान पुसली. बस सुटायची एवढ्यात कंपनीच्या माणसानं बॅगा पुन्हा मोजायला घेतल्या. पाच मिनिटं गेली. बस गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचली, आणि मागून शिट्टी आली. एक. दोन. तीन.

बसच्या ड्रायव्हरनं शांतपणे इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि तो खाली उतरला. तोही याच शहरातला होता. तीन म्हणजे सगळ्यांनी खाली.

"अहो, कुठं चाललात? विमान आहे!" बसमधली सगळी सभ्य माणसं एकदम ओरडली. ड्रायव्हर गर्दीत दिसेनासा झाला होता.

इंजिनीयरनं घड्याळ पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि काय होतंय हे कळायच्या आत तो रस्त्यावर होता. कोपरं मारत, पाय तुडवत तो इमारतीखाली पोचला आणि दोन्ही हात वर करून चौथ्या मजल्याकडे ओरडला, "बाई! अजून एक! अजून एक!"

शेजारच्या नर्सनं त्याच्याकडे पाहिलं. तिला ते आवडलं. "अजून एक!" ती ओरडली. तिच्या मागचे दहा ओरडले. मग गल्ली ओरडू लागली. कसलं अजून एक, हे कुणी विचारलं नाही. तीन पोरांनी इंजिनीयरला उचलून खांद्यावर घेतलं, आणि तो वरून जिवाच्या आकांतानं घोषणा देत राहिला.

वर खिडकी उघडली. बाईंनी त्याला पाहिलं, रस्त्यात अडकलेली बस पाहिली, कपाळावर हात मारला आणि आत गेल्या. चौथी शिट्टी झाली. पोरांनी त्याला हळूच खाली ठेवलं, पाठीवर थाप मारली आणि घरी गेली. ड्रायव्हर किल्ली फिरवत परत आला.

तो बसमध्ये चढला तेव्हा सभ्य माणसांनी बॅगा जरा जवळ ओढून घेतल्या. त्याच्या शर्टाची बाही फाटली होती, घसा बसला होता.

"केवढ्यानं ओरडलास," आई म्हणाली. "लहानपणी असाच ओरडायचास."

बस पूल ओलांडून विमानतळाच्या रस्त्याला लागली तेव्हा बाईंनी वेळ साधली असावी. मागं, फार लांबून, पण स्वच्छ ऐकू आलं. एक. दोन. तीन. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर गेला, पण आता ती गल्ली दूर राहिली होती. त्यानं आरशातून इंजिनीयरकडे पाहिलं.

इंजिनीयर कान देऊन ऐकत होता.

"पितळ चांगलं होतं," तो म्हणाला.