अकरा वेळा सुरू झालेली गाडी

"मला कुणी फसवू शकत नाही," असं वजनमापे निरीक्षक दिवसातून एकदा तरी म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. सव्वीस वर्षांत शहरातल्या जवळजवळ प्रत्येक दुकानदाराचा वजनकाटा त्यांनी उलटा करून पाहिला होता. पोकळ वजनं, तळ वर उचललेली मापं, पेट्रोलपंपाचे पळणारे आकडे, सगळं पकडलं होतं. समोरचा जे बोलतो त्याच्या नेमकं उलट खरं असतं, हे त्यांचं गणित. कामावर ते चोख चालायचं. पंचाईत एवढीच, की संध्याकाळी ते कचेरीत ठेवून घरी येणं त्यांना कधी जमलं नाही.

त्यामुळे त्या महिन्यात त्यांचे फार हाल झाले. बायकोच्या छातीतली गाठ काढली होती. मोठ्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "गाठ पूर्ण निघाली आहे. आता तीस दिवस रेडिएशन घ्यायचं, तेही खबरदारी म्हणून. काळजीचं कारण नाही."

बायकोने सुटकेचा श्वास सोडला. निरीक्षकांना मात्र ते पटलं नाही. काळजीचं कारण नाही, असं कुणी आपणहून कशाला सांगेल? डॉक्टरांना उलटं करून तळ बघण्याची सोय नव्हती. मग त्यांनी सगळी काळजी उचलली आणि जाण्यायेण्याच्या प्रश्नावर नेऊन ठेवली.

"तीस दिवस तू बसच्या दांड्याला लटकत जाणार नाहीस. आपण गाडी घेऊ!"

"अहो, टॅक्सीने जाऊ की."

"टॅक्सी? अगं, त्यांचे मीटर मी तपासतो!"

बायकोने टॅक्सीचा विषय सोडून दिला.

नवी गाडी परवडणारी नव्हती. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंना त्यांची जुनी गाडी विकायची होती. शनिवारी सकाळी निरीक्षक खिशात टॉर्च घालून त्यांच्या दारात उभे राहिले. गाडी निळी, स्वच्छ, काचेवर धुळीचा कण नाही. इथेच त्यांना पहिला संशय आला.

"गाडीत दोष काय आहे?" त्यांनी दरडावून विचारलं.

"पळते छान," बाई म्हणाल्या. "सुरू मात्र होत नाही."

या प्रश्नाला सव्वीस वर्षांत कुणी खरं उत्तर दिलं नव्हतं, त्यामुळे पुढचा प्रश्न त्यांच्याकडे तयार नव्हता.

"म्हणजे, तिच्या मनात आलं तर होते," बाई समजावून सांगू लागल्या. वर्गाला गणित सांगावं तसा सूर. "किल्ली फिरवली की नुसतं टक्‌ वाजतं. बॅटरी बदलली. सेल्फ बदलला. बहिणीला स्टेशनवर सोडायला निघाले, तर फाटकातच टक्‌! ट्रेन गेली. बहीण अजून बोलत नाही माझ्याशी."

"मग मी घ्यावी कशाला?"

"तेच तर म्हणते मी. तीन गिऱ्हाइकं आली, तिघांनाही हेच सांगितलं. तिघेही गेले बिचारे."

निरीक्षकांनी किल्ली मागितली आणि फिरवली. गाडी सुरू झाली. बंद केली, पुन्हा फिरवली. सुरू झाली. त्यांनी अकरा वेळा गाडी बंद केली आणि अकराही वेळा ती पहिल्या फटक्यात सुरू झाली. बाईंचा चेहरा पडत चालला होता.

"आज काय झालंय हिला कुणास ठाऊक!" त्या ओशाळून म्हणाल्या. "एरवी अशी करत नाही हो."

निरीक्षक मनात हसले. आता त्यांना सगळं लख्ख दिसलं. गाडी ठणठणीत आहे, बाईंना ती कुणा जवळच्या माणसाला द्यायची आहे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ही टकटकीची कहाणी सांगून त्या पिटाळून लावताहेत! निवृत्त मुख्याध्यापिका आणि इतकी आतल्या गाठीची! त्यांना बाईंबद्दल थोडा आदरही वाटला.

तरी नियम म्हणून ते दुपारी गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या एका मिस्त्रीला घेऊन आले. मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून तासभर राहिला. बाहेर आला तो तेलाने माखलेला.

"मोटर चांगली, बॅटरी चांगली," तो म्हणाला. "कुठंतरी वायर आतून तुटलीय. वरचं रबर शाबूत असतं, आतल्या तारा मेलेल्या. टेकल्या तर टेकल्या, नाहीतर टक्‌. शोधायची म्हणजे सगळी वायरिंग काढावी लागेल. घेऊ नका साहेब."

"तुला काम मिळेल ना पण?"

"मिळेल. पण तुम्ही रोज माझ्या दारात याल. नको!"

काम नको म्हणणारा मिस्त्री! निरीक्षकांनी तिथल्या तिथे ओळखलं की हाही बाईंना सामील आहे. संध्याकाळी त्यांनी हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं. ती चादरीच्या घड्या घालता घालता ऐकत होती.

"अहो, सगळेच जण घेऊ नका म्हणतात."

"तेच तर!"

"सोमवारी पहिला दिवस आहे माझा," ती म्हणाली. "मला गाडी नको. तुम्ही शेजारी बसलेले हवेत. गाडी चालवायला लागलात की तुम्ही हॉर्नशीच बोलता."

हे तिने हसत म्हटलं, पण हातातली घडी तिसऱ्यांदा उलगडून पुन्हा घातली. निरीक्षकांनी ती घडी पाहिली नाही. त्यांचं लक्ष गाडीच्या कागदपत्रांकडे होतं.

रविवारी, सोमवारच्या साडेनऊच्या उपचाराचं कळल्यावर, बाईंनी स्वतःच तोडगा काढला. "घेऊन जा. दोन दिवस वापरून बघा, मग ठरवा. पण सोमवारी हिच्यावर विसंबू नका हो! हात जोडते!" निरीक्षकांनी मान डोलावली आणि गाडी आपल्या फाटकासमोर आणून लावली. त्या दिवशी त्यांनी ती आणखी चार वेळा सुरू करून पाहिली.

सोमवारी साडेनऊची वेळ होती. पावणेनऊला बायको रिपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली. निरीक्षकांनी ऐटीत किल्ली फिरवली.

टक्‌.

पुन्हा फिरवली. टक्‌. त्यांनी दार उघडून पुन्हा लावलं, सीट मागेपुढे केली, किल्ली शर्टाला पुसली. टक्‌! पहारेकरी आला. पोस्टमन सायकल टेकवून आला. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर पेशंटला खुर्चीत तोंड उघडं ठेवायला सांगून धक्का मारायला आले. प्रत्येकाने आपापलं मत दिलं आणि कुणाचंच दुसऱ्याशी जुळलं नाही.

इतक्यात एक टॅक्सी येऊन थांबली आणि आतून बाई उतरल्या.

"वाटलंच मला!" त्या म्हणाल्या. "म्हणून टॅक्सी घेऊनच आले. चला वहिनी, उशीर नको. तुम्हीही बसा हो!"

बायको टॅक्सीत जाऊन बसली आणि शेजारची जागा रिकामी ठेवून तिने निरीक्षकांकडे पाहिलं. "चला ना," ती म्हणाली. "गाडीचं काय, उद्या बघू."

आता यात न समजण्यासारखं काय होतं? पण शेजारीपाजारी उभे होते, बाईंचं म्हणणं खरं ठरत होतं, आणि सव्वीस वर्षांची अब्रू बॉनेटवर पसरलेली होती. "तुम्ही व्हा पुढे," निरीक्षक म्हणाले. "पाच मिनिटांत पोचतो. तुझ्या आधी!"

बायकोने पिशवी उचलून त्या रिकाम्या जागेवर ठेवली. टॅक्सी गेली.

तिसऱ्या धक्क्याला गाडी खरंच सुरू झाली! निरीक्षक खिडकीतून हात हलवत निघाले. दोन सिग्नल हिरवे मिळाले. तिसऱ्याला थांबावं लागलं, घाईत क्लच सुटला, गाडीने एक गचका दिला आणि बंद पडली. किल्ली फिरवली तर टक्‌. मागे हॉर्नचा कल्लोळ झाला. कुणीतरी गाडी ढकलत कडेला घेतली आणि खिडकीशी वाकलं.

तो कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार होता. गेल्या गुरुवारी निरीक्षकांनी त्याचा वजनकाटा जप्त केला होता.

"साहेब, वहिनींचं आजपासून आहे ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही जा. ही आता सुरू होत नाही, सेल्फचा आवाजच सांगतोय. गाडीवर मी लक्ष ठेवतो. किल्ली द्या."

निरीक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस किलोमागे पन्नास ग्रॅम खात होता, हे त्यांनी स्वतः मोजलं होतं. घड्याळात नऊ वीस झाले होते. त्यांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि ते पळत सुटले.

चोपन्न वर्षांचा माणूस, पायात कचेरीचे बूट, आणि दीड किलोमीटर. पहिल्या चौकापर्यंत ते गाडीला शिव्या देत होते. दुसऱ्या चौकानंतर शिव्या देण्याइतका श्वास उरला नाही. मग त्यांना आत फक्त भीती सापडली. ती महिनाभर तिथेच होती. बायको जाईल की काय, एवढीच. बाकी सगळं, टॉर्च, मिस्त्री, अकरा वेळा किल्ली, त्या भीतीकडे बघायला लागू नये म्हणून होतं. हॉस्पिटलच्या पायऱ्या चढताना त्यांना रडू येत होतं आणि घामामुळे ते कुणाला कळलं नाही.

बाई बाकावर बसल्या होत्या. "आत गेल्या," त्या म्हणाल्या. "दार लागेपर्यंत जिन्याकडे बघत होत्या."

निरीक्षक दारासमोर उभेच राहिले. वीस मिनिटांनी बायको बाहेर आली. तिने त्यांचा सुटलेला शर्ट पाहिला, बुटांची लोंबणारी नाडी पाहिली.

"गाडी कुठंय?"

"सिग्नलला."

"मग आलात कसे?"

"पळत."

तिला हसू फुटलं. हसता हसता ती बाकावर बसली आणि मग पदरात तोंड घालून रडली. निरीक्षक शेजारी बसले. तिचा हात त्यांनी हातात घेतला, आणि बाई समोर असूनही सोडला नाही.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "उद्यापासून टॅक्सी. मागच्या सीटवर, तुझ्याशेजारी."

"आणि मीटर?"

"पळू दे."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. दुकानदाराने जप्तीच्या पावतीवरून नंबर शोधला होता आणि तो इतक्या जोरात बोलत होता की अख्ख्या बाकाला ऐकू गेलं.

"साहेब, सुरू झाली! पहिल्याच फटक्यात! तुम्ही वळणावर दिसेनासे झालात आणि मी सहज किल्ली फिरवली. तेव्हापासून दुकानासमोर घुरघुरतेय. बंद करायचं धाडस होत नाहीये. काय करू?"

बाईंनी कपाळाला हात लावला.

"बंद कर," निरीक्षक म्हणाले.

"अहो, पण परत सुरू झाली नाही तर?"

"नाहीच होणार," निरीक्षक म्हणाले. "बाईंनी सांगितलंय."