बांधलेल्या बोटीतला प्रवास

चंद्रमती अक्कांचं सामान भरून झालं होतं, घर विकून झालं होतं आणि तंजावरातल्या बहुतेक नातेवाइकांकडे निरोपाचं जेवणही उरकलं होतं. ज्येष्ठातल्या दुसऱ्या आठवड्यात मुलगा सुंदर त्यांना कॅनडाला घेऊन जाणार होता, कायमचं. एकच गोष्ट राहिली होती आणि ती धाकटे भाऊ बाळकृष्णराव यांच्या गळ्यात होती. अक्कांना एकदा बोटीतून समुद्रात जायचं होतं.

“जन्मभर कावेरीचं पाणी प्याले,” त्या म्हणायच्या, “ते जातं कुठे, एवढं बघून जाते.”

मागणी काही फार नव्हती. मल्लिपट्टणमचं बंदर गाडीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावं इतकं जवळ. तिथे कावेरी स्वतः पोचत नाही, तिचे कालवे पोचतात. पण अक्कांना तेवढं चालणार होतं. अडचण बाळकृष्णरावांची होती. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आणि कुठलंही काम पुढच्या महिन्यात जास्त चांगलं होईल, अशी त्यांची नोकरीपासूनची श्रद्धा होती. पोंगलला गार वारा होता, माघात लग्नं होती. अखेर चैत्र संपता संपता त्यांनी बोटमालक सुब्रमण्यमला फोन केला. तो म्हणाला, माशांचा विणीचा हंगाम आहे, सरकारने मासेमारी बंद केली आहे, इंजिनाच्या बोटी सगळ्या बांधून ठेवल्यात. वैकासी संपली की या.

वैकासी म्हणजे वैशाख, हे तंजावरच्या मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. घोटाळा तिथेच झाला. आपले महिने चंद्रावर चालतात, तमिळ लोकांचे सूर्यावर, आणि एका गल्लीत राहूनही दोघांचा महिना एका दिवशी संपत नाही. तीनशे वर्षांहून जास्त शेजार केलेल्या माणसांनी हे विसरू नये. बाळकृष्णराव विसरले. वैशाखाची अमावास्या गेली, त्यांनी पंचांगात ज्येष्ठ शुद्ध पंचमी बघितली, गाडी ठरवली, दहीभात बांधून घेतला आणि अक्कांना घेऊन बंदरावर हजर झाले.

बंदरात बोटी एकमेकींना खेटून उभ्या होत्या, लग्न लांबलेल्या घरातल्या पाहुण्यांसारख्या. सुब्रमण्यम सावलीत बसून जाळं सांधत होता. त्याने अदबीने सांगितलं की वैकासी अजून निम्मी शिल्लक आहे, आणि ती संपेल तेव्हा पाटी, म्हणजे आजी, कॅनडात असतील.

बाळकृष्णराव तडक मत्स्य खात्याच्या निरीक्षकांकडे गेले. माणूस तरुण होता, सभ्य होता, आणि त्याला नियम पाठ होते. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की काही इलाज नसतो.

“आम्हाला मासे धरायचेच नाहीत, सार. आमच्या सात पिढ्यांत कुणी अंडं खाल्लं नाही.”

“मग तुम्ही प्रवासी झालात. ही बोट मासेमारीची. हिला प्रवासी न्यायचा परवाना नाही.”

“आणि मासे धरायला जातो म्हटलं तर?”

“तर बंदी आहे.”

प्रवासी परवाना मिळतो, असंही त्यांनी सांगितलं. अर्ज करायचा, बोटीची तपासणी व्हायची, माणशी एक तरंगतं जाकीट दाखवायचं, विमा उतरवायचा. मात्र सध्या तपासणी बंद आहे, कारण बोटी बंद आहेत. वल्ह्याच्या छोट्या नावांना बंदी लागू नाही. पण त्यांतही बसायचं तर मासे धरायलाच. बाळकृष्णरावांनी लांबवर पाहिलं. अक्का नऊवारीचा पदर डोक्यावर घेऊन जप करत बसल्या होत्या. त्यांच्या हातात गळ देण्याची कल्पना त्यांनी मनातल्या मनातच मागे घेतली.

“बांधलेल्या बोटीत बसायला मात्र कुठलाच नियम आड येत नाही,” निरीक्षक दया येऊन म्हणाले आणि जेवायला गेले. उन्हं डोक्यावर आली होती. बाकीचे बोटमालकही घरी पांगले होते.

अक्कांना धरून बोटीत चढवलं आणि धक्क्याकडे पाठ करून बसवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू; समोर जे होतं ते सगळं निळं आणि चमकणारं होतं. सुब्रमण्यमने हौसेने इंजिन सुरू केलं. बोट थरथरली, मग छान डुलायला लागली.

“निघाली का रे, बाळ्या?”

या प्रश्नाचं खरं उत्तर एका शब्दाचं होतं आणि खोटं उत्तरही एका शब्दाचंच. बाळकृष्णराव “हो” म्हणाले.

अक्कांनी समुद्राला हात जोडले. दहीभातातला एक घास कावेरीच्या नावाने पाण्यात सोडला. मग खूप वेळ त्या चमकणाऱ्या निळ्याकडे बघत बसून राहिल्या, आणि बाळकृष्णरावांना आपण केलं ते फार बरं केलं असं वाटलं. हे वाटणं दोन दिवस टिकलं.

कारण घरी परतल्यावर अक्का गप्प बसल्या नाहीत. किनारा कसा दिसेनासा झाला, लाटा कशा उचलून धरत होत्या, हे त्यांनी शेजारच्या हरिप्रियाला सांगितलं. हरिप्रियाने ते फोनवर टिपून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते पापनाशमला गेलं, कुंभकोणमला गेलं आणि अखेर मल्लिपट्टणमला पोचलं. तिथे बाकीचे बोटमालक बंदीमुळे हात बांधून बसले होते आणि त्यांच्याकडे वेळच वेळ होता. बंदीत सुब्रमण्यमची एकट्याची बोट समुद्रात जाते कशी, अशी त्यांनी तक्रार केली.

निरीक्षकांनी सगळ्यांना बोलावलं. सुब्रमण्यमचा परवाना पुढच्या हंगामापुरता रद्द होणार होता. बोट हललीच नाही, असं तो कळवळून सांगत होता. त्या दुपारी धक्क्यावर असलेले त्याचे दोन मेहुणेही तेच सांगत होते, पण घरच्यांची साक्ष कोण धरतो? शिवाय पाटी स्वतः सांगत होत्या की किनारा दिसेनासा झाला.

आता बोलायचं होतं बाळकृष्णरावांनी. जमिनीकडे बघत, शक्य तितक्या खालच्या आवाजात, ते तमिळमधून म्हणाले की बोट धक्क्यालाच बांधलेली होती. तमिळमधून अशासाठी, की अक्कांना कळू नये. अक्कांचा सगळा जन्म तंजावरात गेला होता, हे त्यांच्या वाक्य संपल्यावर लक्षात आलं.

अक्कांनी सुब्रमण्यमच्या दिशेने तोंड वळवलं. तो दिसला असेल की नाही, कोण जाणे.

“बोट गेली नाही,” त्या निरीक्षकांना म्हणाल्या. “मी म्हातारी माणूस, तोंडाला येईल ते सांगते. याच्या पोटावर कशाला मारता? तसं लिहून घ्या.”

निरीक्षकांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं. अक्कांनी अंगठा पुढे केला, मग आपल्याला लिहिता येतं हे आठवून सही केली.

परतताना गाडीने पट्टुकोट्टै मागे टाकलं. बाळकृष्णरावांनी माफीची बरीच वाक्यं जुळवली, आणि प्रत्येक वाक्य पुढच्या गावी जास्त चांगलं होईल असं वाटून ठेवून दिलं.

“बाळ्या,” अक्का म्हणाल्या, “बोट डुलत होती, ते तरी खरं ना? लाटाच होत्या ना त्या?”

त्या दुपारी बंदरातलं पाणी ताटातल्या पाण्यासारखं स्वस्थ होतं. सुब्रमण्यम आणि त्याचे दोन मेहुणे धक्क्यावर उभे राहून, घामाने निथळत, बोटीचा दोर ओढत होते आणि सैल सोडत होते.

“लाटाच, अक्का,” बाळकृष्णराव म्हणाले. “त्या मात्र मोठ्या होत्या.”