गुलाबाच्या वाफ्यातलं तांबं

"आई, खिडकीत वाळत ठेवलेली माती कुठं गेली?" जावईबापूंनी रिकामी पिशवी उलटी करून झटकली.

"कुंडीत, शेणखतात कालवून," सासूबाई म्हणाल्या. "एवढी भुसभुशीत माती घरात आल्यावर काय डोक्यावर ओतून घेऊ?"

जावईबापूंच्या पायाखालची उरलीसुरली मातीही सरकली. खनिजं शोधणाऱ्या कचेरीत ते हंगामी रसायनतज्ज्ञ होते. नदीकाठच्या माळावर गाळाचा थर इतका जाड, की खालचा खडक कुणाच्या बापाला दिसायचा नाही. पण त्या खडकात तांबं असलं, तर त्याचा अंश झिरपत झिरपत वरच्या मातीत येतो. तो हुडकायचा, हे त्यांचं काम. कचेरीतली माती वाळवायची भट्टी बिघडली म्हणून नमुने घरी आणलेले. पुन्हा माळावर जायला गाडी मिळेना, आणि नमुना हरवला म्हणून सांगावं, तर कायम होण्याच्या नावानं आंघोळ!

शेवटी त्यांनी परसातल्या गुलाबाच्या वाफ्यातली माती पिशवीत कोंबली. माती ती माती, तिला कोण नाव-गाव विचारतंय!

विचारलं की हो! तपासणीत बाकीच्या पिशव्या मुक्या, आणि ही एकटी तांबं तांबं म्हणून बोंबलत होती. मोठे साहेब खुर्चीतून उठलेच. "शाब्बास! उद्याच बोअरचं यंत्र पाठवतो."

जावईबापूंना काही समजेना. घराखालीच खाण आहे की काय? घरी येऊन त्यांनी बूटसुद्धा न काढता कुदळ उचलली आणि वाफा गुडघाभर खणला.

"अहो, गुलाबांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

"आई, या मातीत तांबं आलं कुठून?"

"तांबं कसलं? बुरशीवर मोरचूद फवारते मी. तो निळा खडा हो, पाण्यात विरघळवून."

मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार! जावईबापूंनी कुदळ टाकली आणि हातानंच खड्डा बुजवायला घेतला.

सकाळी यंत्र माळाकडे निघालंसुद्धा. जावईबापू साहेबांच्या खोलीत घुसले आणि कुंडी, वाफा, मोरचूद, सगळं ओकून मोकळे झाले. "साहेब, मला काढून टाका, पण बोअर थांबवा!"

साहेबांनी चष्मा पुसला. "थांबवू कशाला? त्या चिखलात यंत्राची गाडी रुतत नाही अशी एकच जागा आहे. ड्रायव्हरनं ती केव्हाच हेरून ठेवलीय. तुमच्या पिशवीची खूण नकाशावर जरा तिकडं ओढून घेतली, इतकंच."

"मग माझं शास्त्र?"

"ते तर हवंच! चाक रुतत नाही म्हणून खणतो, असं वरच्यांना सांगू? तुमच्या आधीचा शहाणा सगळ्या पिशव्या मुक्याच आणायचा. अडचण व्हायची हो. जा, तुम्हाला कायम केलंय."

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "गेली ना नोकरी?"

"नाही. कायम झाली."

"अगोबाई! खोटं केलं म्हणून, की खरं सांगितलं म्हणून?"

जावईबापू उंबऱ्यावर बसून बूट काढू लागले.

"तेच विचारायचं राहिलं," ते म्हणाले.